शेतकरीण कवयित्री बहिणाबाई

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग कोणाच्याही सहज ध्यानात येतात. एक डोंगरावरचा, त्याला लोक घाटावरचा म्हणतात. दुसरा पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरलेला, तो घाटाखालचा. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याच्या बाजूस काळीभोर, कपाशी व ज्वारी पिकविणारी जमीन आहे. तेथील पुष्कळ घरांत जी बोली कानी पडते, तिच्यात ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो. डोळ्याचा डोया होतो, मला याचे मले होते. हिला लेवा गणबोली म्हणतात. मलकापुराहून आगगाडीने पश्चिमेस निघाले म्हणजे भुसावळ लागते आणि पुढे जळगाव येते. जिल्हा बदलतो, वऱ्हाड मागे पडून खानदेश सुरू होतो, परंतु ही बोली काही साथ सोडीत नाही. बुलढाणा जिल्ह्यातही एक जळगाव आहे, ते जळगाव जामोद; येथे अभिप्रेत असलेले जळगाव ते नव्हे, हे प्रथमच सांगितलेले बरे.

या बोलीला छापील पुस्तकात फार काळ जागा नव्हती. ती चुलीपाशी, बांधावर, बाजारात बोलावी आणि शाळेच्या उंबरठ्याशी ठेवून आत यावे, अशी समजूत होती. त्याच बोलीत एका निरक्षर शेतकरणीने गाणी रचली आणि ती गाणी मराठी भाषेचा ठेवा होऊन बसली. त्या म्हणजे बहिणाबाई चौधरी. सतराव्या शतकात तुकोबांना गुरू मानणाऱ्या एक संत बहिणाबाई होऊन गेल्या. नाव एकच असले तरी त्या वेगळ्या.

बहिणाबाईंचा जन्म जळगावाजवळच्या असोदे या गावी १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी झाला. वडिलांचे नाव उखाजी महाजन, आईचे भीमाई. घर शेतकऱ्याचे आणि भावंडांनी भरलेले. खेड्यातल्या मुलीने पाटी-पेन्सिल हाती धरावी, असे त्या काळी कोणाच्या मनातही येत नसे. म्हणून बहिणाबाईंना अक्षरओळख कधीच झाली नाही. परंतु शिक्षणाचे दुसरे एक दार उघडे होते, आणि ते कोणी बंद करू शकत नव्हते. पहाटे आईच्या जात्यावरच्या ओव्या, देवळातले भजन-कीर्तन, वासुदेवाची गाणी, आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशच्या आखाजीला, झाडांना टांगलेल्या झोक्यांवरची पोरीबाळींची गाणी, हे सारे कानांवाटे मनात साठत गेले. ज्याला लिहिता येत नाही त्याला स्मरणात ठेवावेच लागते. बहिणाबाईंचे स्मरण असे लहानपणापासून कामाला लागले.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. असोदे आणि जळगाव यांमध्ये अंतर फार नाही. तरी सासर आणि माहेर यांमधली वाट कोसांनी मोजली जात नाही. माहेरच्या त्या वाटेवर बहिणाबाईंनी पुढे गाणे रचले. त्यात वाटेवरच्या खाणाखुणाही आपल्या ओळखीच्या माणसांसारख्या येतात. दुसऱ्या एका गाण्यात एक योगी सासुरवाशिणीला विचारतो की, नांदतेस सासरी आणि सदानकदा गोडवे माहेराचे गातेस, हे कसे? त्यावर ती बाई जे उत्तर देते, ते ऐकून योग्यालाही गप्प बसावे लागावे. आपल्या लेकीला माहेर मिळावे म्हणूनच आई सासरी राहत असते, असा त्या उत्तराचा भाव आहे. पोथ्या वाचून हे सुचत नाही.

सासरी कामाला अंत नव्हता. कोंबडा आरवण्यापूर्वी उठावे, सडासारवण करावे, विहिरीचे पाणी आणावे, भाकऱ्या थापाव्यात, दिवस वर आला की भाकरी बांधून शेताची वाट धरावी आणि दिवेलागणीला परत येऊन पुन्हा चूल पेटवावी, असा तो क्रम. त्यात दिवसाचे पहिले काम दळणाचे. जाते आता बहुतेक घरांतून नाहीसे झाले आहे, म्हणून त्याविषयी थोडे सांगावे लागेल. खालचा दगड स्थिर असतो, वरचा फिरतो. वरच्या दगडाला लाकडी खुंटा असतो. एका हाताने तो धरून दगड फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने मधल्या भोकात मूठ मूठ धान्य घालायचे. घरात खाणारी तोंडे पुष्कळ असली म्हणजे हे काम तास दोन तास चाले. दंड भरून येत, पाठ अवघडे. परंतु जाते एका लयीत घरघरू लागले की तोंडी ओवी येई आणि ओवी आली की हाताला भार कमी वाटे. आपल्याकडे शेकडो वर्षे बायकांनी असेच दळले आणि असेच गायिले. बहिणाबाईंचे निराळेपण एवढेच की, त्या आईची ओवी म्हणता म्हणता स्वतःची म्हणू लागल्या. ज्या जात्याला त्यांच्या बोलीत घरोट म्हणतात, त्याच्यावरही त्यांनी गाणे केले. पीठ पडत असे खाली परातीत आणि गाणे पडत असे कोठेच नाही. ते पुन्हा मनात जाऊन बसत असे.

असे दिवस चालले असता घरावर मोठा आघात झाला. बहिणाबाईंच्या वयाच्या तिसाव्या वर्षी नथुजी वारले. पदरी काशी ही कन्या आणि ओंकार व सोपानदेव हे दोन मुलगे. धाकटा सोपान तेव्हा अगदी लहान होता. त्या काळी पतीच्या मागे राहिलेल्या स्त्रीला केवळ दुःख सोसावे लागत नसे. कपाळाचे कुंकू पुसले जाई, बांगड्या उतरत, मंगल कार्यात तिला मागे उभे राहावे लागे, आणि शेतीवाडीच्या व्यवहारात तिचा शब्द सहसा कोणी विचारात घेत नसे. त्यात प्लेगची भर पडली. १८९६ साली मुंबईस आलेली ही साथ पुढे कित्येक वर्षे गावोगाव फिरत राहिली होती. तिने ओंकारला गाठले. मुलगा जगला, परंतु त्याला कायमचे अपंगत्व आले. एक मूल अपंग, दुसरे अजाण, घरची स्थिती ओढगस्तीची. कोणतेही माणूस खचून जावे असा तो प्रसंग होता.

बहिणाबाई रडल्या नाहीत असे म्हणणे खोटे होईल. त्यांची त्या दुःखावरची कविताच सांगते की, त्या रडल्या. परंतु त्याच कवितेत त्या आपल्या जिवाला समजावतात. पती देवाघरी गेला तरी दोन मुलांची ठेव मागे ठेवून गेला आहे, तिच्याकडे पाहा, असे त्या स्वतःला सांगतात. शेजारच्या आयाबाया कीव करू लागल्या तर त्यांना ती नको म्हणतात. हात पाहून भविष्य सांगणारा ज्योतिषी दाराशी आला, तर त्यालाही परत पाठवितात. कपाळी काय लिहिले होते ते कळून चुकले, आता तळहातावर शोधण्यासारखे उरले नाही, असा त्यांचा रोख आहे. ही मनाची कठोरता नव्हे. जे घडले ते पूर्णपणे डोळ्यांसमोर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा जात्याशी बसण्याची ती तयारी होती. दळण थांबून चालणार नव्हते, कारण मुलांना भूक लागतच होती.

आणि शेतही थांबत नव्हते. बहिणाबाईंना धीर कोठून मिळाला, याचा शोध घ्यावयाचा झाला तर तो शेतातच घ्यावा लागेल. उन्हाळ्यात त्या भागातील काळी जमीन भेगाळते, इतकी की भेगेत हात जावा. झाडे निष्पर्ण होतात आणि सारे संपले असे वाटते. मग मृगाचा पाऊस पडतो, जमीन मिटते, तिफण चालू लागते, तिच्यामागून मुठीने बी सोडले जाते आणि मातीखाली दिसेनासे होते. चार-आठ दिवसांत तेच बी दोन पानांचे हात जोडून वर येते. हा चमत्कार शेतकऱ्याच्या घरी दरसाल घडतो. दरसाल घडतो म्हणूनच बहुतेकांच्या तो ध्यानात येत नाही. बहिणाबाईंच्या ध्यानात तो प्रत्येक वर्षी आला. पेरणी, कापणी, मळणी, उफणणी यांपैकी कोणतेही काम त्यांच्या गाण्यावाचून राहिले नाही.

उफणणीचेच पाहा. खळ्यावर मळलेले धान्य टोपलीत घेऊन उंचावर उभे राहावयाचे आणि हळूहळू खाली सोडावयाचे. वारा असेल तर भूस बाजूला उडते आणि दाणा पायांशी पडतो. परंतु वारा कोणाच्या आज्ञेत नाही. तो पडला तर टोपली हातात धरून तिष्ठत बसावे लागते. अशा वेळी एखादा मनुष्य त्रासून जाईल. बहिणाबाईंनी वाऱ्याला मारुतीचा पिता म्हणून हाक मारली आणि त्याला आर्जवाने बोलाविले. वाट पाहण्याचा वेळही त्यांनी वाया जाऊ दिला नाही, त्याचे गाणे केले.

मोटेचेही तसेच. विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोटेने काढीत. चामड्याची मोठी मोट दोराला बांधून विहिरीत सोडीत. दोर चाकावरून येई आणि बैलजोडी उताराच्या धावेवरून तो ओढी. मोट वर येऊन पाणी ओते, बैल मागे सरत, मोट पुन्हा खाली जाई. दिवसभर हीच ये-जा चाले. पाहणाऱ्याला कंटाळवाण्या वाटणाऱ्या या कामात बहिणाबाईंना दिसले ते असे की, विहीर एक, हाकणारा एक, आणि त्या पाण्यावर जगणारे जीव मात्र किती तरी आहेत.

पाखरांकडे तर त्यांचे फार लक्ष असे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबकळताना ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ती विसरता येणार नाहीत. गवताच्या पात्यांचे बारीक धागे काढून विणलेला तो झुलता खोपा पाहून बहिणाबाईंनी जे गाणे रचले, ते आज महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. पाखराला हात नाहीत, बोटे नाहीत, केवळ चोच आहे. आणि माणसाला दोन हात असून तो तक्रार करतो, हा विचार त्या गाण्यातून मनात उतरतो. पक्षितज्ज्ञ सांगतात की, हे विणकाम करणारा नर असतो आणि मादी घरटे पसंत पडल्यावर तेथे राहावयास येते. लोकभाषेने मात्र त्या पक्ष्याला गृहिणीचे नाव दिले. ज्या समाजात घर उभे ठेवण्याचे काम रात्रंदिवस बायकाच करीत होत्या, तेथे दुसरे नाव सुचणार तरी कसे?

मनुष्याचे मन हे बहिणाबाईंना पिकात शिरणाऱ्या गुराप्रमाणे वाटले. कितीही हाकलले तरी ते पुन्हा त्याच पिकाकडे वळते. मनाविषयी विद्वानांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. परंतु ज्याने एकदा तरी राखणीला बसून चुकार गुराच्या मागे धाव घेतली आहे, त्याला ही उपमा जितकी पटकन उमजेल तितके ग्रंथ उमजणार नाहीत. बहिणाबाई स्वतः कैक वेळा अशा गुरामागे धावल्या असतील.

त्यांची गाणी नेहमी गंभीर असत असे मात्र कोणी समजू नये. गावातल्या तऱ्हेवाईक माणसांची त्या गमतीने नक्कल करीत. ज्या वस्तूने आपले काम सोडले तिला तिच्या नावाने हाक मारू नये, अशी एक लांबलचक यादीच त्यांनी गाण्यात दिली आहे. बोंड कापसावाचून उलले तर ते बोंड कसले, असे त्यांचे विचारणे. कपाशी वेचणाऱ्या बाईखेरीज हे कोणाला सुचले असते? दुःखाने त्यांचे हसणे हिरावून घेतले नव्हते. त्यांना लाभलेली शांती ही घरदार सोडून वनात जाणाऱ्याची शांती नव्हती. ती ऐन कामाच्या गर्दीत, घामाने निथळत असताना लाभलेली होती, आणि रोज पहाटे ती नव्याने मिळवावी लागे.

ही सारी गाणी त्यांच्या मुखात होती, कागदावर नव्हती. ती कागदावर कशी आली, हा वृत्तांत शाळेत शिकणाऱ्या मुलांनी अवश्य ऐकण्यासारखा आहे. धाकटे चिरंजीव सोपानदेव शाळेत जाऊ लागले. असे सांगतात की, एके दिवशी त्यांनी पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखविली. आईने ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, दळताना, तिचे गाणे करून म्हटले. मुलगा चकित झाला. पुस्तकातला धडा तोही पाठ करीत होता, परंतु आईने रात्रीतून त्याचे काही वेगळेच करून टाकले होते. तेव्हापासून आईची गाणी टिपून ठेवण्याचा नाद त्यांना लागला. त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी हेही या कामी त्यांना साह्य करू लागले. सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपास आले. सभासंमेलनांत त्यांच्या कविता गाजत; आईची गाणी मात्र वहीत मिटून पडली होती. आपल्या खेडवळ बोलीतील, निरक्षर आईची गाणी विद्वान लोकांसमोर कशी ठेवावी, असा संकोच त्यांना वाटत असावा. तो त्या काळाचा दोष म्हटला पाहिजे.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे बहिणाबाईंचे निधन झाले. त्यांचे वय एकाहत्तर वर्षांचे होते. जळगावाबाहेर ही वार्ता फारशी कोणाला कळली नाही, कारण त्या कवयित्री आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हते.

त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांच्यासमोर ठेवली. अत्रे हे नाटककार, पत्रकार आणि शालेय वाचनमालेचे कर्ते. कोणाच्याही लेखनाची भीडभाड न ठेवता परीक्षा करणारे म्हणून प्रसिद्ध होते. सोपानदेव भीत भीत गेले होते. अत्र्यांनी वही हाती घेतली आणि ते वाचतच राहिले. हे अस्सल सोने असून ते झाकून ठेवणे हा अपराध होईल, असा निर्वाळा देऊन त्यांनी पुस्तक काढण्याचा आग्रह धरला. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. थोड्याच काळात ती घरोघर पोहोचली. १९६१ साली ‘मानिनी’ या चित्रपटात त्यांतील काही गाणी आशा भोसले यांच्या कंठातून महाराष्ट्राने ऐकली, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.

पुस्तक निघाले तेव्हा मलकापूर, नांदुरा, बोदवड, यावल या बाजूंच्या वाचकांना एक नवाच अनुभव आला. ज्या शब्दांबद्दल शाळेत हसे होई, ते डोया, मले, तुले हे शब्द तेथे ठळक टाइपात छापलेले होते, आणि दूरच्या पुण्या-मुंबईचे लोक ते अडखळत अडखळत उच्चारावयास शिकत होते.

तथापि त्या पुस्तकात बहिणाबाईंची सारी गाणी नाहीत. सोपानदेव व पितांबर यांना जेवढी ऐकू आली आणि टिपता आली तेवढीच उरली. मुले शाळेत असताना, परगावी असताना, किंवा पहाटे गाढ झोपेत असताना जी गाणी म्हटली गेली, त्यांची गणती कोण करणार? निंदणीच्या पातीत बहिणाबाईंच्या शेजारी बसून तण काढणाऱ्या बायांनी ती ऐकली असतील. त्यांनाही लिहिता येत नव्हते.